मित्रकीटकांची मद्रासी परंपरा

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या मराठी माणसाला भाजलेल्या कणसाचा वास मुंबईच्या चौपाटीइतकाच ओळखीचा वाटतो. कणीस हातात घेताना आपण त्याचे दाणे भरले आहेत की नाहीत एवढेच पाहतो. शेतात ते किती शत्रूंच्या तोंडून वाचले आणि वाचविण्यासाठी त्यावर काय फवारले गेले, हा विचार सहसा मनात येत नाही. मधुमक्याच्या बाबतीत तर तो अवश्य यावा. हे पीक दाणा दुधाळ असतानाच काढतात. कणसाचे केसर बाहेर पडल्यापासून सुमारे २० दिवसांत ते बाजारात येते. विषाचा अंश ओसरण्यास एवढ्यात अवधी तो किती मिळणार? शिवाय अळी एकदा कणसाच्या आवरणाआड शिरली म्हणजे फवारा तिच्यापर्यंत पोचतही नाही.

मग शेतकऱ्याने करावे काय? किडीचा बंदोबस्त तिच्या नैसर्गिक शत्रूकडून करावा, असे एक उत्तर आहे. ते आजकालचे नव्हे. त्याच्या इतिहासातील काही महत्त्वाचे अध्याय जुन्या मद्रास इलाख्यात लिहिले गेले आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य जेम्स अँडरसन यांनी मद्रासजवळ सैदापेट येथे निवडुंगाची एक बाग उभारली होती. निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या एका किड्यापासून कोशिनील नावाचा किरमिजी रंग निघे, आणि त्याचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. ती मूठ सैल करावी हा त्यांचा हेतू. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलमधून असा किडा कलकत्त्यास आणला आणि तेथून तो मद्रासेस आला. परंतु आणलेला किडा अस्सल कोशिनीलचा नव्हता, त्याचा भाऊबंद होता. रंग हलका निघाला आणि व्यापार बसला. किड्याने मात्र निवडुंगाचा फडशा पाडण्याचे काम चोख बजावले. हा गुण ध्यानात आल्यावर १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो दक्षिणेत निवडुंग हटविण्यासाठी मुद्दाम नेण्यात आला. कीटकाच्या साह्याने तणाचा नाश करण्याचा हा जगातील अगदी आरंभीचा प्रयोग मानला जातो.

पण त्या किड्याने निवडुंगाची एकच जात खाल्ली. दुसरी जात शेताबांधांवर माजतच राहिली. तिचा निकाल लावण्यासाठी १९२६ साली सिलोनमधून निराळ्या जातीचा किडा आणावा लागला, आणि मग मद्रास इलाख्यातील मोठमोठी निवडुंगाची राने काही वर्षांतच मोकळी झाली. ज्याचा शत्रू त्यालाच नेमका हुडकावा लागतो, हा यातला पहिला धडा.

कीटकांवर कीटक सोडण्याचे प्रयोगही याच भूमीत झाले. १८९८ मध्ये दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांतील खवलेकिडीवर ऑस्ट्रेलियातून एक भुंगेरा आणला गेला. नेमलेल्या कामात तो अपयशी ठरला; पुढे पिठ्या ढेकणाचा शत्रू म्हणून त्याने नाव कमावले. १९२८ साली निलगिरीत वॅटलच्या झाडांवर ऑस्ट्रेलियातील एक पांढरी खवलेकीड दिसू लागली. याच किडीने पूर्वी कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा धोक्यात आणल्या होत्या, आणि तेथे १८८८-८९ मध्ये एका लहानशा लाल-काळ्या भुंगेऱ्याने तिचा पाडाव केला होता. १९३० च्या सुमारास तोच भुंगेरा निलगिरीत सोडण्यात आला आणि तेथेही तो यशस्वी झाला. त्याची निवड अंदाजाने नव्हे, पूर्वपरीक्षेने झाली होती.

अशी निवड अभ्यासावाचून होत नाही. सैदापेट येथेच १८६८ मध्ये शेतीचे शिक्षण सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते कोइमतूरला नेण्यात आले. मद्रास सरकारच्या छापखान्यातून १९१४ मध्ये बेनब्रिग फ्लेचर यांचा दक्षिण भारतातील कीटकांवरील ग्रंथ निघाला, तर १९४० मध्ये टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांची आर्थिक कीटकशास्त्रावरील पुस्तिका. किडीचा नाश करू पाहणाऱ्याने प्रथम तिचे चरित्र जाणावे, ही या अभ्यासामागची दृष्टी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी औषधे आली आणि हे कष्ट अनावश्यक वाटू लागले. फवारा मारला की किडी मरत. त्यांच्यासोबत त्यांचे शत्रूही मरत. दुसऱ्या पिढीची कीड मोकळ्या रानात परतली, तेव्हा तिला अडविणारे कोणी उरले नव्हते.

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्याच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली. मूळ अमेरिकेतील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली होती. तिचे पतंग रातोरात लांबचा पल्ला गाठतात. त्याच वर्षी ती तामिळनाडूत व महाराष्ट्रातही दिसू लागली. आता या जुन्या विद्येची किंमत पुन्हा कळू लागली आहे. पूर्वीच्या पिकानंतर खोल नांगरट केली म्हणजे जमिनीतील कोष उघडे पडून पक्षी ते वेचतात. एकरी पाचएक कामगंध सापळे लावले म्हणजे पतंगांची चाहूल लागते. ट्रायकोग्रामा नावाची एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते, आणि अळी जन्मण्यापूर्वीच खेळ आटोपतो. उसाच्या शेतकऱ्याला तिची ट्रायकोकार्डे परिचित आहेतच. पोंग्यात लपलेल्या कोवळ्या अळीवर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यास पाच किलो निंबोळीची पूड, उपयोगी पडतो. पावसाळी हवेत अळीवर वाढणारी एक बुरशीही आपले काम करीत असते. रासायनिक बुरशीनाशक मारून तिला आपणच मारू नये.

श्रोतेहो, यातील प्रत्येक उपायाला वेळेचे बंधन आहे. अंडी दिसण्याच्या दिवसांत कार्ड लावावे लागते, अळी पोंग्यात असतानाच अर्क द्यावा लागतो. कणसात शिरलेल्या अळीपुढे दोन्ही निष्फळ. म्हणून आठवड्यातून दोनदा पिकात फिरून पाने उलटून पाहणारा शेतकरी हाच या पद्धतीचा खरा आधार होय. बाटलीतले विष ज्याला त्याला सारखेच विकत मिळते. किडीचे चरित्र मात्र ज्याचे त्याने आपल्या शेतात उभे राहून शिकावे लागते, आणि सैदापेटच्या चुकलेल्या किड्यापासून निलगिरीच्या भुंगेऱ्यापर्यंतचा इतिहास त्या शिकण्याचीच किंमत सांगतो.