आपल्या दिंडीतल्या चाली



स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला चालींचा विषय दिला. आम्ही शिकलो चौथी, हात डवऱ्याला सरावलेले. गाऊन दाखवा म्हटलं असतं तर रात्र काढली असती, लिहिणं जड जातं. पण लिहायला पाहिजे, काहून की चाल कुठंच लिहिलेली नाही. तुकोबांच्या गाथेसाठी मुंबई सरकारनं 24,000 रुपये दिले अन् 1869 साली ती छापून निघाली. पुढं विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा आली. भजनी मालिका तर आता घरोघर आहे. म्हणजे शब्द जपले गेले. चाल एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली तरच राहते. मधला एक गळा चुकला की गेली. दिंडीचे तंबू, गाड्या, पंगती यांचा शंभर वर्षांचा हिशेब दुसऱ्या लेखांत येईलच. आम्ही चालींचंच सांगतो.

वारीतलं भजन बसून म्हणायचं नव्हे, चालता चालता म्हणायचं. हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. त्यांनी आळंदीच्या सोहळ्याला जी शिस्त लावली, तीच पुढं गावोगावच्या दिंड्यांनी धरली. पुढं पताका, मंग टाळकऱ्यांच्या रांगा, मधी पखवाज, मांगं विणेकरी, अन् त्यांच्या मांगं तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या माउल्या. सकाळी रूपाचे अभंग, काकडा, वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी. त्यानंतर वाराचे अभंग. सांजच्याला हरिपाठ. विणेकऱ्यानं चरण सोडायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला चोपदारानं दंड वर केला की शेकडो दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मंग चोपदार तिकडं जाऊन ऐकून घेतात. टाळानं केलेला असा अर्ज आम्ही दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

आपली दिंडी मुक्ताईच्या पालखीसंगं चालते. मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, तिथून निघून मलकापूर, मोताळा, मंग राजूरचा घाट चढून बुलडाणा, पुढं चिखली, देऊळगाव राजा, जालना, बीड अशी ही वाट. आपण घाटाखालचे लोक. मोताळ्यापर्यंत पऱ्हाटीच्या काळ्या वावरांतून सपाट रस्ता, तिथं चाल दुडकी चालते. पावली खेळा, फुगडी घाला, दम पुरतो. घाट लागला की तीच चाल उरावर येते. म्हणून आपल्या जुन्या लोकांनी घाटासाठी निराळी चाल ठेवली होती. चरण अखंड म्हणायचा नाही, दोन तुकडे करायचे. पहिल्या तुकड्यावर विणेकरी थांबला की टाळकऱ्यांनी ज्ञानोबा-तुकारामाचा गजर करायचा, तेवढ्यात त्यानं श्वास घ्यायचा. दुसऱ्या तुकड्यावर टाळकरी श्वास घेणार अन् पखवाज एकटा बोलणार. असं करत माथ्यावर पोचेपर्यंत भजन तुटत नसे. आमच्या आधीचे विणेकरीबाबा ही चाल गावात बसून शिकवतच नसत. म्हणत, "अगुदर घाट चढून दाखव, मंग शिकवतो." आम्हाला ती यायला तीन वाऱ्या लागल्या.

गाण्याच्या बाबतीत आपला जिल्हा गरीब नाही. चोखोबांचा जन्म देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचा मानतात. त्या भागातून जाताना आपली दिंडी चोखोबांचे अभंग घेते अन् ते संथच घेते. घाई केली तर त्यांतलं दुखणं ऐकू येत नाही, असं आमचं मत आहे. शेगावला गजानन महाराज 1878 साली प्रकटले. दासगणूंच्या श्रीगजाननविजय ग्रंथात गोविंदबुवा टाकळीकरांच्या कीर्तनाची कथा आहे. बुवांनी श्लोकाचा पूर्वार्ध म्हटला अन् बाहेर बसलेल्या महाराजांनी उत्तरार्ध पुरा केला. सगळे या कथेतून महाराजांचा अधिकार सांगतात, तो आहेच. आम्हा गाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसते. भोंगा नव्हता, तरी बुवांचा शब्द न् शब्द देवळाबाहेर ऐकू येत होता.

त्या काळी गळा असाच लागे. म्हणून जुने वारकरी गवई पट्टी उंच धरत, काळी चारच्या खाली उतरायला तयार नसत. आज माईक हातात असून पोट्टे त्याच पट्टीत ओरडतात, ते मात्र आम्हाला कळत नाही. पखवाजाचंही तसंच. धुम्याला कणीक मापानं लागली पाहिजे, कमी पडली तर पोकळ वाजतो, जास्त झाली तर आवाज बसतो. पावसात भिजलं की पुडी उतरते, मंग रस्त्याच्या कडेला बसून हातोडीनं चढवा. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे (ज्ञानोबांचं आपेगाव निराळं, ते पैठणजवळ) शंकरबापू आपेगावकर याच भजनाच्या पखवाजावरून पुढं गेले, त्यांना 1986 साली पद्मश्री मिळाली. आम्ही आमच्या पखवाजी पोराला त्यांचं वाजवणं पुन्हा पुन्हा ऐकवतो. त्यांचा बोल अभंगाच्या शब्दावर पडत नाही, शब्दाला वाट देतो.

1917 साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून आलेल्या साधकांनी कीर्तनाला एक साचा दिला. आता कोणत्याही जिल्ह्यातला टाळकरी कोणत्याही बुवाच्या मांगं उभा राहून चाल उचलू शकतो. हा फायदा मोठा आहे. पण गावागावाच्या ज्या आपल्या आपल्या चाली होत्या, त्या साच्यात बसल्या नाहीत, त्या मांगं पडल्या. दोष कोणाचाच नाही.

मंग पडदा अन् रेडिओ आला. 1936 च्या 'संत तुकाराम' बोलपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, पण ते इतकं जमलं की कैक लोक गाथेत शोधत बसले! आपल्या दिंडीत ते म्हणत नाहीत, संतांचा अभंगच म्हणायचा हा नेम आहे. घरी मात्र आम्ही गुणगुणतो. भीमसेन जोशींच्या अभंगांनी तर आम्हाला वेड लावलं. श्रीनिवास खळे, राम फाटक यांनी बांधलेल्या त्या चाली ऐकत आम्ही कपाशीला कितीक राती पाणी दिलं. पण ते गाणं बसून ऐकणाऱ्यासाठी आहे. त्यांची तान चालता चालता घेऊन पाहिली, तर पायात पाय अडकतो. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ कॅसेटवर आला तेव्हा गावातल्या बायामाणसांना हरिपाठ चालीसकट पाठ झाला. आमच्या मते कॅसेटनं केलेलं सगळ्यात भलं काम हेच. अन् आपल्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांची खंजिरी आहेच. खंजिरी वारीत चालत नाही, तिची जागा वेगळी. पण गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला आम्ही जाऊन बसतो, अन् खंजिरी लागली की आमचा टाळाचा हात आपोआप हलतो.

आता खरं दुखणं. घाटाची ती चाल पुरती येणारे आज आम्ही तिघं आहोत. त्यातले एक बाबा आता चालू शकत नाहीत, घाटाच्या दिवशी गाडीत बसून टाळ वाजवतात. मागच्या काही वाऱ्यांत घाटात टेम्पोवरचा स्पीकर लावला अन् सिनेमाच्या चालीवर बसवलेला अभंग लागला. पोट्टे नाचले, चढ लवकर सरला, हे खरं. पण माथ्यावर पोचल्यावर विणेकऱ्याकडं कोणी पाहिलं नाही, काहून की घाटभर तो गायलाच नव्हता. पोरं म्हणतात, "बाबा, तुमची चाल मोबाइलमधी भरून ठेवतो, मंग कायची जाते?" भरून ठेवा, आमची ना नाही. पण मोबाइलमधी एक दिवसाचं गाणं राहते. कोणता टाळकरी दमला, चरण कुठं तोडायचा, गजर दोनदा घ्यायचा का तीनदा, हे त्या त्या वेळी मांगं-पुढं पाहून ठरवावं लागते.

म्हणून मंडळानं ठरवलं आहे की, येत्या एकादशीपासून दर एकादशीला हरिपाठ झाल्यावर चालीची बैठक घ्यायची. पहिला तास देवळात, त्यानंतर टाळ गळ्यात घालून गावाबाहेरच्या चढावर. पोरींनीही यावं, विणा कोणाच्या गळ्यात शोभते हे चढावरच कळेल. येताना आपापले टाळ आणावेत. पखवाजाची कणीक आमच्या घरून येईल.