तळटीप १२ : वॉरलॉर्ड

१२. वॉरलॉर्ड : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीच्या (२००८) पहिल्याच ‘प्लेयर्स हँडबुक’मधला रणनायकाचा वर्ग. तो स्वतःही लढतो, पण त्याची खरी कमाई दुसऱ्याच्या हातून होते. ‘कमांडर्स स्ट्राइक’ वापरला की त्याच्या पाळीत वार साथीदार करतो. ‘इन्स्पायरिंग वर्ड’ने कोसळलेला गडी पुन्हा उभा राहतो. वाद पेटला तो या दुसऱ्या शक्तीवरून. नुसते ओरडून जखमा भरतात काय, असा विरोधकांचा सवाल. तो तकलादू आहे. हिट पॉइंट म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे, त्यांत कसब आणि नशीबही धरलेले असते, हे गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्येच स्पष्ट केले होते. खरी अडचण टेबलाभोवतीची : चार मित्रांत एकानेच हुकूम सोडायचे, हे किती वेळ खपणार? (अर्थात फासे टाकण्याची मजा साथीदाराच्याच वाट्याला येते, तक्रार सहसा त्याची नसते.)

पाचव्या आवृत्तीने (२०१४) हा वर्ग गाळला आणि त्याचे काही डावपेच ‘बॅटल मास्टर’ फायटरला दिले. पण त्याच्या ‘रॅली’तून मिळतात ते तात्पुरते हिट पॉइंट, बेशुद्ध पडलेला त्यांनी शुद्धीवर येत नाही. त्यासाठी पुन्हा बहुधा क्लेरिकसारख्यांची जादूच गाठावी लागते. म्हणून ‘फायटर असताना वेगळा सेनानी कशाला’ हे लेखकाचे मत आम्हांला पटत नाही. प्रतिस्पर्धी ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत तर २०२५मध्ये ‘कमांडर’ हा स्वतंत्र वर्गच दाखल झाला. – संपा.