मुलांस दिसणारे अदृश्य पाहुणे

तापी आणि गिरणा यांच्या कांठच्या खेड्यांत वीज येण्यापूर्वीं संध्याकाळ लवकर दाटत असे. धाब्याचें मातीचें घर, कोनाड्यांत मिणमिणणारा दिवा, चुलीपुढें बसलेली आई, आणि तिच्या मांडीवरून रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून पाहणारें तीन वर्षांचें मूल! तें एकाएकीं बोट दाखवून म्हणतें, "तें बघ, कोणी तरी बसलें आहे." घरांत क्षणभर स्तब्धता पसरते. आजी हातांतलें काम टाकून पुढें येते आणि विचारते, "कोण आहे रे? बाप्या कीं बाई? केंस मोकळे आहेत का? पांढरें लुगडें नेसली आहे का?" मूल आजीच्या तोंडाकडे पाहतें आणि मान हलवितें. दुसऱ्या दिवशीं गल्लींत वार्ता फिरते कीं, अमक्याच्या मुलास मोकळ्या केसांची बाई दिसली.

असले प्रसंग खानदेशास नवे नाहींत. परंतु ह्यांत मुलानें सांगितलें किती आणि आजीनें पुरविलें किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो मांडिल्याखेरीज ह्या समजुतींचा इतिहास नीट कळावयाचा नाहीं. येथें खानदेश म्हणजे जुना अखंड मुलूख समजावयाचा. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव व धुळें हीं त्यांचीं ठाणीं झालीं; पुढें जिल्ह्यांसहि त्याच शहरांचीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला.

लहान मुलांभोंवतीं अदृश्य सत्त्वें वावरतात ही कल्पना फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नऊ बालग्रह सांगितले आहेत: स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. वाग्भटानें ही संख्या बारांवर नेली. महाभारताच्या वनपर्वांत स्कंदाच्या जन्मकथेच्या प्रसंगानें असें सांगितलें आहे कीं, मुलास सोळा वर्षें होईपर्यंत ह्या ग्रहांची पीडा संभवते. वैद्यांनीं नोंदिलेलीं लक्षणें मात्र मोठीं मार्मिक आहेत. मूल दचकतें, किंचाळतें, ओठ चावतें, वर टक लावून पाहतें, अंगावर पिणें सोडतें. आजच्या डॉक्टरास ह्या वर्णनांत ताप, झटके आणि आंकडी स्पष्ट दिसतात. प्राचीन वैद्याची नजर चुकली नव्हती. त्यानें पाहिलें तें बरोबर पाहिलें. त्याच्या मागें जो कर्ता कल्पिला, तो मात्र त्या काळचा होता.

ह्या भीतीचें एक शिल्प खानदेशच्या अगदीं उंबरठ्यावर आहे. जळगांवाहून अजिंठ्यास गेलेल्या प्रवाशानें दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत आंतल्या बाजूचें छोटें देवघर अवश्य पाहावें. तेथें पांचव्या शतकांतील कारागिरांनीं हारीती व तिचा पति पांचिक यांच्या मूर्ति कोरिल्या आहेत. हारीती ही मूळची लोकांचीं मुलें खाणारी यक्षिणी. बुद्धानें तिचें धाकटें मूल लपवून ठेविलें, तेव्हां तिला इतर मातांचें दुःख कळलें आणि ती मुलांची रक्षक झाली, अशी कथा आहे. तिच्या आसनाखालच्या पट्टींत मुलांची शाळा दाखविली आहे. जवळचीं मुलें अभ्यासांत, दूरचीं खेळांत. ज्या देवतेच्या नांवानें आया थरथरत, तिच्याच पायाशीं मुलें निर्धास्तपणें खेळत आहेत! भयास आंवरून घरांत जागा देण्याची ही जुनी रीत आहे.

हीच रीत सटवाईच्या पूजेंत दिसते. मूल जन्मल्यावर पांचव्या वा सहाव्या रात्रीं पाटा-वरवंटा मांडून पूजा करितात, दिवा रात्रभर जागता ठेवितात, उशाशीं विळा वा सुरी ठेवितात आणि सटवाईनें कपाळीं लेख लिहावा म्हणून कोरा कागद व लेखणी मांडितात. तान्हें मूल झोपेंत हसलें कीं, "सटवाई हसविते आहे," असें बाया कौतुकानें म्हणतात. मुलाच्या आयुष्यांतील पहिली अदृश्य पाहुणी हीच. शास्त्राच्या दृष्टीनें हें हसूं निद्रेच्या एका विशिष्ट अवस्थेंत आपोआप उमटतें. त्यास हसविणारें कोणी लागत नाहीं.

परंतु पांचवी-सहावीची ती रात्र इतक्या धास्तीची कां? ह्याचें उत्तर बाळंतिणीच्या खोलींत आहे. पूर्वीं नाळ विळ्यानें किंवा हातास येईल त्या पात्यानें कापीत आणि कित्येक ठिकाणीं तीवर राख, माती वा शेण लावीत. त्या वाटेनें धनुर्वाताचे जंतु शरीरांत शिरत. जन्मानंतर कांहीं दिवस चांगलें पिणारें मूल पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत एकाएकीं पिईनासें होई, जबडा आवळे, चेहऱ्यावर विचित्र हास्य उमटे आणि देह धनुष्यासारखा वांके. घरच्यांस वाटे, रात्रीं कोणी तरी येऊन गेलें. १८८९ सालीं किटासाटो ह्या जपानी शास्त्रज्ञानें धनुर्वाताचा जंतु वेगळा काढिला. स्वच्छ सुरी, गर्भिणीस टोंचावयाची लस आणि शिकलेली सुईण यांच्या योगें हा रोग मागें हटला. १९१० च्या सुमारास हजारीं सुमारें दोनशें अर्भकें वर्षाच्या आंत दगावणाऱ्या ह्या देशांत २०१५ सालीं नवजातांच्या धनुर्वाताचें निवारण झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. सटवाईची पूजा अजून होते, पण त्या रात्रीची धास्ती ओसरली. भुताच्या गोष्टींतील कितीसा भाग विळ्यावरच्या गंजाचा होता, हें ह्यावरून समजतें.

तान्हें मूल बोलत नाहीं. त्यास काय दिसतें तें मोठी माणसेंच ठरवितात. दोन-अडीच वर्षांनीं मूल बोलूं लागतें, तेव्हां तरी ही व्यवस्था बदलावी. पण ती बदलत नाहीं. मूल जेवत नाहीं म्हणून दिवसाढवळ्या त्यास सांगावयाचें, "जेव, नाहीं तर बागुलबुवा येईल." विहिरीकडे जाऊं नये म्हणून सांगावयाचें, "तेथें आसरा आहेत." पिंपळाखालीं खेळूं नये म्हणून मुंजाची गोष्ट रंगवावयाची. मुंजाचें भय खानदेशांत भक्तीसहि पोंचलें आहे. यावल तालुक्यांतील अट्रावल येथें मुंजोबाची यात्रा भरते. अशा रीतीनें दिवसभर मुलाच्या मनांत पाहुणे बोलावून ठेवावयाचे, आणि रात्रीं त्यांतील एक आला कीं घरानें घाबरावयाचें! ज्याच्या परसांत पिंपळ, त्याच्या मुलास मुंजा दिसतो. ज्याचें घर डोहाजवळ, त्याच्या मुलास आसरा दिसतात. पाहुणा मुलाचा असतो, पण त्याचें नांव व पत्ता घरचीं माणसें देतात.

ह्या समजुती लिहून काढण्याचें काम इंग्रजी अमलांत झालें. मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा. तो १८८० सालीं निघाला आणि त्यांत निरनिराळ्या जातीजमातींचे जन्मसंस्कार व देवदेवता यांची माहिती आहे. पुढें शेजारच्या नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनीं लोकसमजुतींविषयींची सामग्री गोळा केली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें जॅक्सन मारले गेले. त्यांच्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनीं १९१४ सालीं गुजराताविषयीं व १९१५ सालीं कोंकणाविषयीं असे दोन भाग सिद्ध केले. त्यांतील माहिती पुष्कळ अंशीं खेड्यापाड्यांतील शाळामास्तरांनीं पाठविलेली आहे. गांवोगांवच्या मास्तरांनीं हडळ, खवीस, वेताळ, मुंजा यांची मोठी यादी श्रद्धेनें लिहून दिली, हें त्यांचें उपकारच होत. तथापि त्या उत्तरांत वडीलधारी पिढी बोलते. मूल हें उत्तरांचा विषय आहे, उत्तर देणारें नाहीं.

मुलांस स्वतः विचारण्याची चाल पुढें सुरू झाली. जाँ पियाजे ह्या स्विस शास्त्रज्ञानें १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत लहान मुलें स्वप्न, वारा, चंद्र यांविषयीं काय मानितात, तें त्यांच्याच तोंडून काढिलें. स्वप्न बाहेरून येतें आणि खोलींत आपल्यापुढें उभें राहतें, असें लहान मुलास वाटतें. म्हणजे "कोपऱ्यांत कोणी होतें" असें म्हणणारें मूल खोटें बोलत नाहीं. स्वप्न कोठें संपलें व खोली कोठें सुरू झाली, तें त्यास सांगतां येत नाहीं. अमेरिकेंत मार्जोरी टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं असें दाखविलें कीं, त्यांनीं पाहिलेल्या मुलांपैकीं शेंकडा ६५ मुलांस सात वर्षांचीं होईपर्यंत केव्हां ना केव्हां एखादा कल्पित सोबती होता. हा सोबती खरा नाहीं हें बहुतेक मुलें जाणून असतात. रात्रीं झोंप लागल्यावर तास-दोन तासांत मूल डोळे उघडे ठेवून किंचाळतें, आईसहि ओळखीत नाहीं, आणि सकाळीं त्यास कांहींच आठवत नाहीं, हा प्रकारहि लहान वयांत पुष्कळ आढळतो आणि वय वाढतांच बहुधा आपोआप जातो.

कांहीं वेळां मात्र हें दिसणें आजाराची खूण असते. सातपुड्याच्या पायथ्याचा प्रदेश हिंवतापासाठीं कुप्रसिद्ध होता. तापाच्या भरांत मूल नसलेलीं माणसें पाहतें. उकिरड्यावरच्या धोत्र्याचें बीं पोटांत गेल्यास डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडें पडतें आणि मूल हवेंतल्या वस्तु धरूं लागतें. अशा वेळीं अंगारा लावण्यांत गेलेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

येथवरची गोष्ट घरापुरती आहे. ती घराबाहेर पडते, तेव्हां तिची किंमत दुसऱ्या कोणास द्यावी लागते. जुन्या पश्चिम खानदेशांतील अक्राणी, तळोदें, शहादें ह्या डोंगरपट्ट्यांत डाकिणीची समजूत खोल रुजली होती. तापानें फणफणलेलें मूल "ती आली" म्हणून किंचाळे. 'ती' कोण, हें मूल सांगत नसे. तें बडवा वा भगत ठरवी. दाणे टाकून, अंगांत आणून तो एका बाईकडे बोट दाखवी. ती पुष्कळदां विधवा असे, एकटी असे, किंवा तिच्या जमिनीच्या तुकड्यावर भाऊबंदांचा डोळा असे. मग मारहाण, गांवाबाहेर हकालपट्टी, आणि कधीं कधीं मृत्यु. इंग्रजी न्यायालयांनीं असे वध खून म्हणून चालविले, तरी समजूत मेली नाहीं. हा दोष एकट्या डोंगरांतील समाजाचाहि नव्हे. करणी व चेटूक यांचा संशय सखल मुलखांतील वाड्यांतहि नांदत होता.

समुद्रापलीकडचें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. १६९२ सालीं अमेरिकेंतील सेलम गांवीं नऊ व अकरा वर्षांच्या दोन मुलींस झटके येऊं लागले. तुम्हांस कोण छळतें, असें मोठ्यांनीं त्यांस पुन्हां पुन्हां विचारिलें. तेव्हां नांवें निघालीं. न्यायालयानें मुलींस दिसणाऱ्या अदृश्य रूपांचा पुरावा मान्य केला आणि एकोणीस माणसें फांसावर गेलीं. त्या प्रकरणांत बारा वर्षांची ॲन पुट्नम ही एक प्रमुख आरोप करणारी होती. १७०६ सालीं तिनें चर्चमध्यें सर्वांसमक्ष कबूल केलें कीं, आपल्या शब्दांमुळें निरपराध माणसांचे प्राण गेले. मुलीस पश्चात्ताप झाला, पण चौदा वर्षांनीं. आणि तिला तीं नांवें विचारणारे मोठे लोक होते.

महाराष्ट्रांत ह्या बाबतींत कायदा होण्यास २०१३ साल उजाडावें लागलें. त्यासाठीं अनेक वर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्यानंतर कांहीं दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत कायदा संमत झाला. भूत उतरविण्याच्या मिषानें एखाद्यास बांधणें, मारणें, तसेंच अमुक व्यक्ति करणी करिते असें भासवून तिचें जगणें असह्य करणें, हे आतां गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

कायदा भगताचा हात धरूं शकतो. आजीचा प्रश्न तो बदलूं शकत नाहीं. ते काम घराचें व शाळेचें आहे. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापणाऱ्या गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं मुलास भय व मार यांवांचून वाढविण्याचा आग्रह धरिला, तो ह्याच कामाचा आरंभ होय. मूल कोपऱ्याकडे बोट दाखवील तेव्हां त्याचे डोळे, कपाळ व श्वास पाहावे. ताप असल्यास डॉक्टरकडे न्यावें. नसल्यास दिवा घेऊन त्याच्यासह त्या कोपऱ्यांत जावें आणि तेथें भिंतीवर टांगलेली घोंगडी त्यास हातानें चांचपूं द्यावी. "कोण आहे?" असें विचारूंच नये. "काय दिसतें तें तूंच सांग," इतकें म्हणून गप्प बसावें, आणि मूल सांगेल तेवढेंच ऐकावें. मुलानें न घेतलेलें नांव मोठ्यांनीं त्याच्या तोंडीं घातलें नाहीं, तर त्या अंधाऱ्या कोपऱ्यांतून निघून एखाद्या विधवेच्या दारापर्यंत जाणारी वाट तेथेंच बंद होते.