सह्यांच्या वहीचे शेवटचे पान

इंदुरात होळकर कॉलेज १८९१ पासूनचे आणि होळकरांचा क्रिकेट संघही नामांकित. तेव्हा इथल्या जुन्या घरांतून कॉलेजकुमाराची सह्यांची वही निघाली तर नवल नाही. पुढच्या पानांवर मोठे खेळाडू असतात, शेवटच्या पानावर कॉलेजच्या संघातले गडी.

अशा पानाचे साल सह्याच सांगतात. सी. के. नायडूंशेजारी डेनिस कॉम्प्टन असेल, तर पान बहुधा १९४४-४५ च्या हंगामातले. महायुद्धात महूच्या छावणीत असलेला हा इंग्लिश फलंदाज तेव्हा होळकरांकडून खेळला. मुंबईविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा काढल्या, तरी होळकर ३७४ धावांनी हरले! मात्र त्या पानावरची सही बॉलपेनची असेल, तर शंका अवश्य घ्यावी. हे पेन न्यूयॉर्कच्या दुकानातसुद्धा ऑक्टोबर १९४५ मध्ये आले.

शाईचा खरा वैरी उजेड. हौसेने काचेत मढवून खिडकीसमोर टांगलेली सही फिकी पडत जाते. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरतो, लॅमिनेशन तर सुखरूप उतरवताच येत नाही. सह्यांच्या बॅटीला तेल चोळू नये, अक्षरे पसरतात. आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवावे, इतकेच.

नायडूंची सही ओळखणारे पुष्कळ भेटतील. शेवटच्या पानावरचा ‘व. गो.’ कोण, हे मात्र घरातला ऐंशीच्या पुढचा एखादा पुतण्याच सांगू शकेल. त्याला विचारून नाव, गाव, साल लिहून घ्यावे. वहीत नव्हे, वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने.