फिश फाइंडरची कुळकथा

मासेमारीच्या होडीवर बसणारा फिश फाइंडर हे मुळात खोली मोजण्याचे यंत्र आहे. पाण्यात ध्वनी सोडायचा, तळावरून परतणारा प्रतिध्वनी टिपायचा आणि जाण्यायेण्याच्या वेळावरून अंतर काढायचे, एवढेच त्याचे काम. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. 30 मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी 0.04 सेकंदात परततो. वाटेत मासा आला तर त्याचाही प्रतिध्वनी उमटतो. तळ शोधता शोधता मासा कसा सापडला, ही या यंत्राची कुळकथा. साधे, परवडणारे यंत्र कसे निवडावे याचे उत्तरही तिच्यातच आहे.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे शिशाचा गोळा बांधलेली दोरी. दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव, म्हणजे सुमारे 6 फूट. दोरी वावांनी मोजली की खोली कळे. गोळ्याच्या बुडाशी खळगा करून त्यात चरबी भरत. तिला चिकटून आलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा पाहून तळ कशाचा आहे ते ओळखता येई. खोली आणि तळाची जात, या दोन गोष्टी दोरी सांगत असे.

पाण्यातून ध्वनी किती वेगाने जातो हे 1826 मध्ये कोलाडोन आणि स्टर्म यांनी जिनिव्हा सरोवरात मोजले. पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा जाळ करायचा. दूरच्या नावेत जाळ दिसणे आणि घंटा ऐकू येणे यांमधला वेळ मोजायचा, अशी त्यांची रीत होती. उत्तर आले सेकंदाला 1,435 मीटर. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर या ज्ञानाचा उपयोग करण्याची निकड भासली. जर्मनीत अलेक्झांडर बेह्म यांनी 1913 मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे पेटंट घेतले. 1914 मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी जहाजावरून हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वार्ट्झ स्फटिक वापरला. दाब दिल्यास असा स्फटिक वीज निर्माण करतो, हा क्यूरी बंधूंचा 1880 चा शोध; वीज दिल्यास तो थरथरतोही. आजच्या होडीखालच्या, ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या ट्रान्सड्यूसरमध्ये क्वार्ट्झऐवजी सिरॅमिकची चकती असते, पण तत्त्व तेच आहे.

पुढे जहाजांवर खोलीचा आलेख कागदावर उमटू लागला आणि तळाच्या वर काही डाग दिसू लागले. 1933 मध्ये रॉनल्ड बॉल्स या इंग्रज नाखव्याने अशा प्रतिध्वनींचा हेरिंगच्या थव्यांशी मेळ घालून पाहिला. 1935 मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनजवळच्या कॉड माशांचा थर दाखवणारा आलेख ‘नेचर’मध्ये छापला. 1948 मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी केवळ मासे शोधण्यासाठी असे यंत्र बाजारात आणले.  ट्रान्झिस्टर आल्यावर अमेरिकेत लोरन्स कंपनीने 1950 च्या दशकाच्या अखेरीस बॅटरीवर चालणारी लहान हिरवी पेटी काढली आणि हे यंत्र छोट्या होडीत पोहोचले. 1980 च्या दशकात त्याला एलसीडी पडदा मिळाला.

बहुतेक माशांच्या बाबतीत यंत्राला जोरकस दिसतो तो त्यांचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी. पालघरच्या किनाऱ्यावर घोळीची जी पिशवी बोत म्हणून मोठ्या किमतीला जाते, ती हीच. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर ध्वनी जोरात परावर्तित होतो. मुशीला वाताशय नसतो, म्हणून तिचा ठसा फिका पडतो. पाण्यातला बुडबुडा मात्र माशासारखाच दिसू शकतो.

दिल्ली परिसरातल्या यमुनेत बुडबुड्यांची ही गोष्ट महत्त्वाची ठरते. वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा सुमारे 22 किलोमीटरचा पट्टा उथळ आहे, त्यात सांडपाणी मिसळते आणि ओखल्याजवळ फेस साचतो. सडणाऱ्या गाळातून सुटणारे वायूचे बुडबुडे आणि तरंगते प्लास्टिक पडद्यावर मासे होऊन बसतात. अशा पाण्यात यंत्राचे मूळचे काम, खोली दाखवण्याचे, अधिक भरवशाचे. यमुना हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 110 आहे. 1986 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचे मुख्यालय नोएडात आहे, आणि नौवहनाला पुरेसे पाणी कुठे आहे हे ठरवणाऱ्या सर्वेक्षणांत याच कुळातले खोलीमापक वापरले जातात. समुद्रावर गोष्ट वेगळी: कोकणातल्या तांडेलाला संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्राकडून मराठीतही मिळते, तीत दिशा आणि अंतरासोबत खोलीही दिलेली असते. सूचनेने दाखवलेल्या ठिकाणी होडीखाली काय आहे, ते सांगणे फिश फाइंडरचे काम.

यंत्र निवडताना आधी ट्रान्सड्यूसर पाहावा. उथळ नदी, तलाव आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी 200 किलोहर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी पुरेसा. खोल समुद्रासाठी 50 किलोहर्ट्झची सोय लागते. ध्वनीचा झोत 20 अंशांचा असेल तर तळावर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या सुमारे एकतृतीयांश असतो: 6 मीटर पाण्यात जेमतेम 2 मीटर. 60 अंशांच्या झोतात तो सुमारे 7 मीटर होतो. उथळ पाण्यात रुंद झोत सोयीचा. नंतर पडदा पाहावा. उभ्या 240 ठिपक्यांवर 24 मीटर पाणी दाखवले, तर एक ठिपका 10 सेंटिमीटरचा. जवळजवळचे दोन मासे त्यात एकच दिसतात. उन्हात पडदा वाचता येणे आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर यंत्र चालणे आवश्यक आहे. माशाची आयती चित्रे दाखवणारी सोय बंद ठेवून माशाच्या प्रतिध्वनीने पडद्यावर उमटणाऱ्या मूळ कमानी वाचायला शिकावे. नकाशा आणि बाजूचे दृश्य या सोयी पहिल्या यंत्रात नसल्या तरी चालते.

बसवणीवर निम्मे यश अवलंबून आहे. भरीव फायबरच्या तळातून ध्वनी आतूनही पार होतो, लाकडातून नीट होत नाही. लाकडी होडीला ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर आणि सतत पाण्यात राहील असा लावावा. यंत्र खोली मोजते ती ट्रान्सड्यूसरपासून, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. तेवढा फरक यंत्रात भरावा लागतो. तो बरोबर भरला की नाही, हे स्थिर पाण्यात खुणा केलेली दोरी वजन लावून सोडली की कळते.