विजेच्या मोटारीची पत

मोटार यायची ती आधी कानांवर आणि मग डोळ्यांपुढे, असा आपल्या भागाचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. तुळजापूरचा घाट चढणारी गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येते. ती कोणत्या गिअरमध्ये कण्हते आहे, हे ओट्यावर बसलेले म्हातारे अचूक सांगतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत नव्या गाड्या आईच्या दर्शनाला येतात. हार पडतो, नारळ फुटतो, चारी चाकांखाली लिंबे ठेवली जातात, आणि मालक किल्ली फिरवतो. एरवी या क्षणी इंजिनाने हुंकार द्यायचा. परंतु अलीकडे या गाड्यांत एखादी हिरव्या पाटीची असते. तिची किल्ली फिरते आणि काहीच होत नाही. मालकाची आई घाबरून विचारते, "अरे, बिघडली का?" तोवर लिंबे चिरडून गाडी पुढे गेलेलीही असते.

या मुक्या गाडीचा इतिहास मात्र मुका नाही. तो वाचताना मला एक गोष्ट वारंवार जाणवत गेली. मोटार चालविणारी विजेची चक्री कधीच अवघड नव्हती. पिठाच्या गिरणीत आणि विहिरीवरच्या पंपात ती आपण रोज पाहतो. अवघड होती ती बॅटरी, आणि बॅटरीहूनही अवघड होती गिऱ्हाइकाच्या मनातली तिची पत. सावकाराकडे पत हवी तशी बाजारात वस्तूलाही पत लागते. विजेच्या मोटारीने ती एकदा कमावली, घालवली, आणि आता पुन्हा कमावण्याची तिची धडपड चालू आहे. या धडपडीचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला.

विजेची मोटार ही आजची नवलाई आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः १९०० साली अमेरिकेत ज्या चार हजारांवर मोटारी तयार झाल्या, त्यांत दीड हजारांहून अधिक विजेच्या होत्या, त्याहून थोड्या जास्त वाफेच्या होत्या, आणि पेट्रोलच्या गाड्या हजाराच्याही आत होत्या. पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी दांडा गरागरा फिरवायचा. दांडा उलटा बसला तर मनगट मोडायचे. विजेच्या गाडीला ही यातायात नव्हती. ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलची मोटार घरोघर पोहोचविली, त्याची पत्नी क्लारा स्वतः विजेची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवीत असे! कारखानदाराच्या घरातच निकाल असा लागलेला होता. पुढे १९१२ साली कॅडिलॅक गाडीला बटणाने सुरू होणारे यंत्र बसले, दांडा गेला, पेट्रोल स्वस्त झाले, आणि विजेची मोटार अडगळीत पडली. गंमत अशी की, तिला हरविणारे ते सुरुवातीचे यंत्र विजेचेच होते.

आपल्याकडे विजेच्या वाहनाची ओळख तारेखाली झाली. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रॅम धावली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी गेली. त्या विजेवर लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकला, कारण वर तार होती आणि तारेच्या पलीकडे वीजघर होते. मोटारीला तार नाही. तिला वीज शिदोरीसारखी बांधून द्यावी लागते, आणि शिदोरी वाटेत संपली तर काय, हा प्रश्न भुकेल्या वाटसरूलाच कळतो.

मोटार बनविण्याची जिद्द आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी धरली. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. पुढे परवान्यांच्या काळात मोटार विकत घ्यायची नसे, ती 'लागायची', लॉटरी लागावी तशी! नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. अशा बाजारात गिऱ्हाइकाची मनधरणी करण्याचे कारखान्याला कारणच नव्हते. विजेची मोटार आली ती हा काळ संपल्यावर, गिऱ्हाईक निवडखोर झाल्यावर.

सुरुवातीचे एक धाडस बंगळूरचे. चेतन मैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'रेवा' ही दोन दारांची छोटी गाडी २००१ साली रस्त्यावर आली. पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकचे अंग आणि आसनांखाली शिशाच्या आठ बॅटऱ्या. एकदा भरल्यावर ८० किलोमीटर जायचे. लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने तिने नाव कमावले, इथे मात्र लोक तिच्याकडे कौतुकाने पाहत आणि दुसरीच गाडी घेऊन घरी जात. मे २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र कंपनीने रेवाचा मोठा हिस्सा घेतला आणि मार्च २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची 'ई-टू-ओ' आणली. ती सुमारे १०० किलोमीटर जाई. तिलाही गिऱ्हाईक बेताचेच मिळाले. गाडी वाईट नव्हती. पण सहा लाखांच्या आसपास पैसे मोजणाऱ्या माणसाला बाहेरगावी जाण्याची सोय हवी असते, नुसते बाजारहाट करण्याची नव्हे.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली, तिचा गाजावाजा फारसा झाला नाही. लिथियमची बॅटरी जपानच्या सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली, ती कॅमेऱ्यासारख्या हातातल्या यंत्रांसाठी. एक युनिट वीज साठविणारी अशी बॅटरी २०१० च्या सुमारास हजार डॉलरच्या घरात पडे. २०२३ पर्यंत ती किंमत दीडशे डॉलरच्या आत आली. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट. मोटारीची टाकी लिटरने मोजतात, तशी बॅटरी युनिटांनी मोजायची. माझ्या वर्गातल्या मुलांना हे एका वाक्यात कळते, मोठ्यांना जरा वेळ लागतो.)

आता टाटांच्या कारखान्याकडे येऊ. पुण्याच्या या मंडळींनी १९९८ साली 'इंडिका' काढून भारतीय मोटार भारतात आखता येते, हे दाखविले होते. विजेच्या बाबतीत त्यांनी आधी सरकारी गिऱ्हाईक धरले. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी १० हजार विजेच्या गाड्यांची निविदा निघाली, तीत टाटांची बोली सर्वांत खाली होती. साहेबांची गाडी रोज तीच वाट जाते-येते, रात्री कचेरीच्या आवारात उभी राहते, म्हणून हा आरंभ शहाणपणाचा वाटला. परंतु भरण्याची ठिकाणेच तयार नव्हती, आणि त्या गाड्या रस्त्यावर येण्याची गती मंदच राहिली.

दुसरा डाव अधिक विचाराचा होता. संपूर्ण नवी गाडी आखायची तर साचे, यंत्रे, चाचण्या मिळून खर्च अफाट, आणि गिऱ्हाईक येईल की नाही याची खात्री नाही. तेव्हा त्यांनी २०१७ साली आलेली 'नेक्सॉन' ही आपलीच पेट्रोल-डिझेलची गाडी घेतली. उंच बांध्याची, जमिनीपासून चांगली वर, आणि खड्ड्यांना न भिणारी. तिचे इंजिन, टाकी, धुराडे काढून टाकले. पुढे विजेची मोटर बसविली आणि तळाखाली बॅटरीची चपटी पेटी अडकविली. जुन्या वाड्याच्या भिंती ठेवून आत नवे घर बांधावे, तसा हा प्रकार. वाडा बांधताना ज्या गोष्टींचा विचार झाला नव्हता, त्या आडव्या येतातच. वजन वाढते, म्हणून स्प्रिंगा बदलाव्या लागतात. बॅटरी पावसाच्या पाण्यात बुडाली तरी आत थेंब जाता कामा नये. आणि आपल्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ती तापू नये म्हणून तिच्याभोवती थंड द्रव खेळवावा लागतो. बॅटरीतल्या माणसाळलेल्या आगीला घरात नांदवायचे, तर तिची तैनात ठेवायलाच हवी.

ही गाडी पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि २८ जानेवारी २०२० रोजी बाजारात आली. बॅटरी ३०.२ युनिटांची, किंमत सुमारे १४ लाखांपासून. घरच्या साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर ती भरायला रात्र लागे, वेगवान यंत्रावर तासाभरात बहुतेक भरे. टाटांच्या घरचीच माणसे कामाला लागली होती. एका कंपनीने बॅटरीचे पेटारे जुळवायचे, दुसरीने रस्त्यावर वीज भरण्याची यंत्रे उभी करायची. पेटाऱ्यातले सेल मात्र चीनहून आले. आपण गाडी बनविली खरी, पण तिचा जीव अजून परदेशातून येतो, हे विसरून चालणार नाही.

विकताना खरी कसोटी लागली. पुण्याच्या एआरएआय या मोटारींची परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ३१२ किलोमीटरचा पल्ला दाखला म्हणून दिला होता. ही परीक्षा प्रयोगशाळेत होते. तिथे घाट नाही, वातानुकूल यंत्र भरात नाही आणि मागे बसलेली पाच पाहुणे मंडळीही नाहीत. प्रत्यक्षात पल्ला दोनशेच्या आसपास भरू लागला, तेव्हा कुरबूर सुरू झाली. एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये या गाडीचे अनुदान थांबविले. कंपनी न्यायालयात गेली आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. शाळेत तोंडी परीक्षेत पहिला आलेला मुलगा बाजारात हिशेब चुकतो, तेव्हा बापाला काय वाटते ते मी पाहिले आहे. दोष मुलाचा असतो, तसा परीक्षेचाही असतो.

त्यातच जून २०२२ मध्ये वसईत एका नेक्सॉनला आग लागल्याची चित्रफीत घरोघर पोहोचली. सरकारने चौकशी लावली. पेट्रोलच्या गाड्या पेटतात त्याची बातमी होत नाही, असे विजेच्या बाजूचे लोक म्हणाले आणि ते खोटे नव्हते. पण नव्या सुनेच्या हातून फुटलेली कपबशी आणि सासूच्या हातून फुटलेली कपबशी यांत घर जो फरक करते, तो युक्तिवादाने मिटत नाही.

कंपनीने यावर दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटांची मोठी बॅटरी आली, सप्टेंबर २०२२ मध्ये साडेआठ लाखांच्या आत 'टिआगो' आली. परंतु या सर्वांहून मोठा होता तो शब्द: बॅटरीची आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी, जी पहिल्या दिवसापासून दिलेली होती. गिऱ्हाइकाची खरी भीती वाटेत अडकण्याची नसतेच, सहा वर्षांनी बॅटरी मेली तर गाडीच्या निम्म्या किमतीचा खड्डा पडेल, ही असते. ती भीती कंपनीने आपल्या वहीत लिहून घेतली. ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीजी या परदेशी गुंतवणूकदारांनी टाटांच्या विजेच्या मोटारींच्या नव्या कंपनीत ७,५०० कोटी रुपये घालण्याचे ठरविले, आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत टाटांच्या एक लाख विजेच्या गाड्या विकल्या गेल्या.

महिंद्रांनी मग जुन्या वाड्याचा नाद सोडला आणि कोऱ्या जागेवर घर बांधले. आराखड्याचा आरंभच बॅटरीपासून केला. इंजिन नाही, तेव्हा नाक लांब कशाला? चाके कोपऱ्यांत सरकवा आणि आत ऐसपैस जागा काढा. 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखविल्या गेल्या आणि चाकणला तयार होऊ लागल्या. बॅटऱ्या ५९ आणि ७९ युनिटांच्या. पहिल्या गाडीचे मूळ नाव 'बीई ६ई' होते, पण 'सिक्स-ई' हे आपले चिन्ह आहे म्हणून इंडिगो विमान कंपनीने दावा लावला आणि शेवटचे अक्षर गळाले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी उघडली, त्या एका दिवसात ३० हजारांवर नावे लागली. दोनच दशकांपूर्वी रेवा घ्यायला लोक कचरत होते!

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने पाहू. धाराशिवहून सोलापूर सत्तर किलोमीटरच्या आत, तुळजापूर वीस-बावीस. यासाठी विजेची गाडी मजेत पुरते. पुणे मात्र अडीचशेच्या पुढे. तेव्हा पहिल्या नेक्सॉनला वाटेत कुठेतरी तासभर थांबून वीज घ्यावी लागणार, हे उघड होते. मोठ्या बॅटरीच्या गाड्या आता ही वाट एका दमात जातात. मात्र त्यांच्या किमती ऐकून आमचा कापूस-सोयाबीनवाला शेतकरी मान हलवतो. वाशी-भूमच्या माळांवर पवनचक्क्या फिरतात, कौडगावला उन्हाची वीज होते, पण ती वीज खाणारी मोटार चाकण-रांजणगावहून आमच्या दारी येईपर्यंत बहुधा दुसऱ्या मालकाच्या नावावर आलेली असेल. आमच्याकडे चारचाकी पुष्कळदा जुनीच घेतात. गावातला मिस्त्री बॉनेट उघडतो, इंजिनाला कान लावतो, धुराचा रंग पाहतो आणि भाव सांगतो. विजेच्या गाडीत कान लावायला काही नाही आणि धूरही नाही.

अलीकडे दोन्ही कंपन्यांनी काही गाड्यांच्या बॅटरीला आयुष्यभराची हमी देऊ केली आहे, महिंद्रांनी २०२४ साली आणि टाटांनी २०२५ साली. ती पहिल्या मालकाला आहे. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली की हमी आखडते आणि वर्षांच्या व किलोमीटरच्या मर्यादेत येते. २०२० साली घेतलेल्या पहिल्यावहिल्या नेक्सॉनची आठ वर्षे २०२८ साली भरतील. त्या गाड्या तेव्हा बाजारात कोणत्या भावाने उभ्या राहतात, हे पाहायला आमचा मिस्त्री आतापासून उत्सुक आहे. सध्या तो एकच प्रश्न विचारतो, आणि तो मला कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा रास्त वाटतो: "मास्तर, बॅटरीत किती जीव उरला, ते सांगणारी चिठ्ठी कंपनी देते का?"