बडनेऱ्याला गाडी बदला

डिसेंबर १९०६. मुंबईच्या गाडीतून तुम्ही बडनेऱ्याला उतरता. अमरावती इथून अवघे काही मैल, पण आगगाडीचा मोठा रस्ता तिला वगळून गेलाय, तेव्हा फाट्याच्या गाडीची वाट बघा. समोर लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी रचल्यात. हात लावून पाहा, प्रेसमधून निघालेली रुई लाकडासारखी घट्ट लागते.

अमरावतीत पाऊल ठेवताच नाकात तंतू जातात. कापसाच्या बंड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज, सरकीचा तेलकट वास. बंडीवाल्याला तुम्ही मुधोळकर वकिलांचं घर विचारता.

"कोर्टाचं काम हाय का?"

"नाही."

"मंग कायले जाता?"

उत्तर सोपं नाही. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, जन्म १८५७, धुळ्याचा, वकिली वऱ्हाडात. उद्योगपती म्हटलं की गिरणी, धुराडं, भोंगा डोळ्यांपुढे येतो. या माणसाचं भांडवल मात्र टपाल. गेल्या वर्षी काशीला रमेशचंद्र दत्तांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक परिषद भरली; तिचे सरचिटणीस हेच, आणि कचेरी इथं, अमरावतीत. साऱ्या हिंदुस्थानातल्या हातमागाचा, साखरेचा, कारागिरीच्या शिक्षणाचा पत्रव्यवहार कापसाच्या या बाजारगावातून चालतो. मला यातली गंमत फार आवडते: पऱ्हाटीच्या मुलखात बसून कापड कुणी विणावं, याची चर्चा.

त्यांच्या टेबलाशी उभे राहा. परिषदेच्या कलकत्त्याच्या बैठकीची तयारी चाललीय. अध्यक्ष विठ्ठलदास ठाकरसी. १८९६ पासून देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के कर आहे, मँचेस्टरची मर्जी राखायला. तो १९२५ च्या डिसेंबरापर्यंत उठणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. जिभेवर आलेलं गिळा.

याच गावात दादासाहेब खापर्डे राहतात, तेही वकीलच. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हा दोघंही एकाच मांडवात होते. पुढच्या वर्षी, १९०७ साली, सुरतेला काँग्रेस फुटेल तेव्हा खापर्डे टिळकांकडे, मुधोळकर मवाळांकडे. तरी औद्योगिक परिषद तिथंही भरेल.

बाहेर बंडीवाला अजून थांबलाय. त्याच्या बंडीतला कापूस विकला गेलाय, तळाशी थोडं मातेरं उरलंय.

"झालं काम?"

"चालू आहे," तुम्ही म्हणता, आणि बंडीत चढता.